बोळातल्या मांजरांची नसबंदी कशी करून घ्यायची (सांगली-मिरजेकडच्या लोकांसाठी)

मांजरं वाढली की आपल्याकडं उपाय ठरलेला असतो. पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि आयर्विन पुलाच्या पलीकडं नाहीतर मार्केट यार्डात नेऊन सोडायचं. पिल्लं असतील तर खोक्यात घालून देवळाच्या कट्ट्यावर ठेवायची, कुणीतरी नेईल म्हणून. बहुतेक वेळा कुणी नेत नाही, दुसऱ्या दिवशी तिथं कुत्री पोचलेली असतात. हे थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, जमेल तेवढं वाचा आणि आपल्या गल्लीत करून बघा.

पोत्यानं काही होत नाही याचं कारण साधं आहे. मांजर तुमच्या बोळात आलं ते तिथं उंदीर आहेत म्हणून, खानावळीच्या मागं खरकटं पडतंय म्हणून, जुन्या वाड्याच्या माळ्यावर लपायला जागा आहे म्हणून. तुम्ही मांजर नेलं तरी खरकटं तिथंच आहे आणि माळाही तिथंच आहे, मग काही दिवसांनी पलीकडच्या गल्लीतली दुसरी मांजर येते आणि त्याच माळ्यावर व्यायते. नेऊन सोडलेली बिचारी नवीन जागी तिथल्या बोक्यांचा मार खाते, नाहीतर घरी परत यायच्या नादात गाडीखाली येते. आणि ती माजावर आलेली किंवा गाभण असेल तर तुमचा प्रश्न तुम्ही दुसऱ्याच्या गल्लीत नेऊन ठेवलाय एवढंच.

खरा उपाय म्हणजे पकडायचं, ऑपरेशन करून घ्यायचं, आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. प्राणीमित्र मंडळी याला टीएनआर म्हणतात, जगभर हेच करतात. ऑपरेशन झालेलं मांजर आपली हद्द धरून राहतं, उंदीर पकडत राहतं, फक्त पिल्लं होत नाहीत. बोक्यांची भांडणं कमी होतात, रात्रीचं ते रडल्यासारखं ओरडणं कमी होतं आणि जिन्यात, पार्किंगमध्ये मुताचा जो उग्र वास येतो तोही बराच जातो.

आता घाई का करायची ते बघा. मांजर साधारण नऊ आठवड्यांत व्यायते, म्हणजे दोन महिने आणि वर थोडे दिवस. एका वेळी तीन-चार पिल्लं, कधी पाच. पिल्लं अजून अंगावर पीत असतानाच ती परत गाभण राहू शकते. आणि त्या पिल्लातली मादी चार-पाच महिन्यांची झाली की तीसुद्धा माजावर येते, आपल्याला ती अजून पिल्लूच वाटत असते. वर्षात दोन-तीन वेळा हे होतं. जन्मलेल्यातली बरीच पिल्लं मरतात, सर्दीनं डोळे चिकटून, जुलाबानं, गाडीखाली, पावसात भिजून. आपल्याला दिसत नाहीत म्हणून मरत नाहीत असं नाही. ऑपरेशनचा खरा फायदा हा आहे, ती पिल्लं जन्मून हाल होऊन मरायच्या ऐवजी जन्मतच नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं आत्ताच सांगते, बाकी विसरलात तरी हे लक्षात ठेवा. एक जागा धरा आणि ती पूर्ण करा. गावभागातलं एक मांजर, विश्रामबागमधलं एक, मिरजेला बहिणीच्या दारातलं एक असं करून पैसे तेवढेच जातात आणि फरक कुठंच दिसत नाही. एका बोळात आठ मांजरं असतील आणि तुम्ही दोनच केली तर उरलेल्या माद्या वर्षभरात ती दोनची कसर भरून काढतात. त्याच बोळातली सातजण केली तर पुढच्याच उन्हाळ्यात लोकांना कळतं की यंदा पिल्लं दिसली नाहीत, आणि मग शेजारच्या गल्लीतले लोक स्वतःहून विचारायला येतात. पैसे कमी असतील तर माद्या आधी. बोके नंतर केले तरी चालतात कारण एक बोका शिल्लक राहिला तरी तो उरलेल्या सगळ्या माद्यांना पुरतो, त्यामुळं नुसते बोके करून पिल्लं थांबत नाहीत. लांबून मादी कशी ओळखायची याची एक खूण सांगते, काळा-पांढरा-तांबडा असे तीन रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. तांबडी मांजरं बहुतेक बोके असतात पण त्यात माद्याही निघतात, त्यामुळं तिथं खात्री धरू नका. मोठा थोराड जबडा, गाल फुगलेले, कान फाटलेले, तो बोका.

सुरुवात पिंजऱ्यानं करू नका, सुरुवात माणसांनी करा. गल्लीत मांजरांना खायला घालणारी एक तरी मावशी, आजी किंवा चहावाला असतोच, आधी त्यांच्याकडं जा. कुठलं मांजर कधी येतं, कुठली व्यायलीय, पिल्लं कुठं लपवलीत हे सगळं त्यांनाच माहीत असतं. त्यांची भीती एकच असते, ही लोकं मांजर घेऊन जाणार आणि परत आणणार नाहीत. त्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात बरोबर यायला सांगा, नाहीतर फोटो पाठवत राहा. काही आजी म्हणतात की मांजराला त्रास दिला तर पाप लागतं, सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं. हे हसण्यावारी नेऊ नका, त्या आजीच्या मनात मांजराबद्दल दया आहे म्हणून ती बोलतेय. तिला शांतपणे सांगायचं की आजी, दरवर्षी तिची पिल्लं गटारात मरतात ते जास्त पाप आहे, ती एकदा दवाखान्यात जाऊन येईल आणि तुमच्याच दारात परत बसेल. बहुतेक ऐकतात.

ज्यांना मांजरं नकोच आहेत त्यांच्याशीही बोला, त्यांना टाळू नका. त्यांची तक्रार खरी असते, गच्चीत घाण होते, दूध सांडतं, रात्री झोप होत नाही. त्यांना सांगायचं की दादा, ही सगळी घालवली तर दुसरी येणार, ही ठेवून ऑपरेशन केलं तर आहेत तेवढीच राहतील आणि हळूहळू कमी होतील. आणि कुणी विष घालायची भाषा करत असेल तर तेही स्पष्ट सांगून ठेवा, प्राण्यांना क्रूरतेनं वागवणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालून मारण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भांडून नाही, नुसतं कानावर घालून ठेवायचं.

मग वही काढा. वही म्हणजे फोनमधलं नोटपॅडही चालेल. प्रत्येक मांजराचा फोटो, दोन्ही बाजूंनी, आणि समोर लिहायचं: मादी की बोका, गाभण दिसते का, सड ओढल्यासारखे लोंबतात का म्हणजे पिल्लं पाजतेय, लंगडतंय का, माणसाजवळ येतं का. सात-आठ दिवस हे केलं की खरा आकडा कळतो. लोक सांगतात वीस मांजरं आहेत आणि निघतात नऊ, कारण काळी-पांढरी सगळ्यांना एकच वाटतात, कधी याच्या उलटही होतं.

त्याच आठवड्यात खायची वेळ पक्की करा. रोज संध्याकाळी साडेसहा म्हणजे साडेसहा, एकाच जागी, अर्धा तास ठेवायचं आणि उरलेलं उचलायचं. मांजर वेळेला फार लवकर लागतं. वेळ नक्की नसेल तर तुम्ही पिंजरा लावून रात्रभर बसाल आणि डॉक्टरांची ठरलेली वेळ वाया जाईल. दूध घालायची सवय असेल तर कमी करा, मोठ्या मांजराला दूध पचत नाही, जुलाब होतात, पाणी ठेवा.

डॉक्टर आधी ठरवायचा, मांजर नंतर पकडायचं, हा क्रम उलटा झाला तर भेदरलेलं मांजर पिंजऱ्यात आणि दवाखाना बंद अशी वेळ येते. आपल्याकडं बऱ्याच डॉक्टरांचा हात गाई-म्हशीवर बसलेला असतो, त्यात वाईट काही नाही, पण मांजराची भूल आणि मांजराचं ऑपरेशन हे वेगळं काम आहे म्हणून सरळ विचारायचं. मांजराची मादी नेहमी करता का? रानटी मांजर असेल तर पिंजऱ्यातच इंजेक्शन देता का, की हातात धरून द्यायला लागतं? टाके विरघळणारे घालता का, कारण हे मांजर टाके काढायला परत सापडणार नाही. जास्त दिवस टिकणारं अँटिबायोटिक आणि दुखणं कमी करायचं इंजेक्शन तिथंच देणार का, कारण घरी गोळी चारणं शक्य नाही. रेबीजची लस त्याच वेळी द्याल का. डाव्या कानाचं टोक कापाल का. या प्रश्नांना नीट उत्तर देणारा डॉक्टर मिळाला की निम्मं काम झालं. साताऱ्याकडच्या लोकांनी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात पण चौकशी करावी, ते सातारा जिल्ह्यातच आहे.

कानाबद्दल लोक फार विचारतात. भुलीत असतानाच कानाचं टोक साधारण एक सेंटिमीटर सरळ रेषेत कापतात, मांजराला त्यावेळी कळत नाही आणि जखम लवकर भरते. त्याचा उपयोग असा की पुढच्या वर्षी लांबून, अंधारात, भिंतीवर बसलेलं मांजर बघूनसुद्धा कळतं की याचं झालंय, त्याला परत पकडून परत भूल द्यायची, पोट परत उघडून बघायची पाळी येत नाही. पट्टा घालणं हा पर्याय नाही, पट्टा फांदीत अडकून मांजर फास लागून मरतं. काही घरच्यांना कान कापलेला बघवत नाही, पण ही खूण त्या मांजराच्याच भल्याची आहे, ती टाळू नका.

गाभण मांजर निघाली तर काय करायचं हे पकडायच्या आधी ठरवून डॉक्टरांशी बोलून ठेवा. गाभणपणी ऑपरेशन करता येतं, बरेच डॉक्टर करतात, किती दिवस झालेत त्यावर धोका ठरतो. मला स्वतःला वाटतं की दिवस कमी असतील तर करून घ्यावं आणि अगदी भरत आलेली असेल तर सुरक्षित जागा देऊन व्यायला द्यावं, मग पिल्लं मोठी झाली की तिचं आणि पिल्लांचं सगळ्यांचंच करावं. यावर मतं वेगळी असू शकतात, प्रत्येकानं आपल्या मनाला विचारावं, पण अंतिम शब्द डॉक्टरांचा.

पिल्लं पाजणारी मादी सापडली तर घाबरू नका, तिचंही ऑपरेशन होतं, फक्त ती जास्त वेळ पिल्लांपासून लांब राहता कामा नये. पिल्लं कुठं आहेत ते माहीत असलं पाहिजे, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की तिला लवकरात लवकर, शक्यतो चोवीस तासांच्या आत सोडायचं. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली असतील तर सगळ्यात बरं, तोवर थांबता येत असेल तर थांबा.

आता पिंजरा. उंदराचा मोठा पिंजरा चालत नाही, मांजराची शेपूट दारात सापडते. साधारण अडीच-तीन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, आत शेवटी पाय पडला की दार खाली येतं असा पाहिजे. विकत मिळतात, पण आपल्याकडं कुपवाड एमआयडीसीच्या आसपास फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत, फोटो दाखवला तर कोणीही करून देईल. जाळी बारीक घ्या, अर्ध्या इंचाची, मोठ्या जाळीत मांजर दात आणि नखं अडकवून तोडून घेतं. आतल्या कडा घासून घ्यायला सांगा. गल्लीत चार घरांनी मिळून दोन पिंजरे केले तर ते वर्षानुवर्षं टिकतात. गणपती मंडळाच्या पोरांना विचारून बघा, वर्गणीतून एक पिंजरा आणि दोन ऑपरेशनं सहज निघतात, आणि रात्री पिंजऱ्यावर लक्ष ठेवायला तीच पोरं उपयोगी पडतात.

आधीचे तीन-चार दिवस पिंजऱ्याचं दार वर बांधून ठेवायचं आणि खाणं रोज थोडं थोडं आत सरकवत न्यायचं. मग पकडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळपासून खाणं बंद, सगळ्या गल्लीला सांगून, नाहीतर तुम्ही उपाशी ठेवलेलं मांजर पलीकडच्या घरी दूध-भात खाऊन येतं आणि पिंजऱ्याकडं बघतसुद्धा नाही. पाणी मात्र बंद करायचं नाही. आमिष वासाचं पाहिजे, सुकट किंवा सुका बोंबील तव्यावर जरा गरम केला की बोळभर वास सुटतो, त्याच्यापुढं चिकन पण मागं पडतं. खाली वर्तमानपत्र घाला म्हणजे पायाला तार टोचत नाही. चार कण दारापाशी, चार मधे, आणि मुख्य खाणं पाय पडायच्या पट्टीच्या मागं.

पिंजरा लावून निघून जायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. लांबून दिसेल असं बसायचं. दार पडलं की मांजर पहिली दोन मिनिटं वेडं होतं, पिंजऱ्याच्या दोन्ही टोकांना धडका मारतं, नाक घासून घेतं, खाली घातलेल्या कागदाच्या चिंध्या होतात. त्या क्षणी जाऊन जाड चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाकायची. अंधार झाला की आतला आवाज थांबतो, नुसता जोरात चाललेला श्वास ऐकू येतो आणि मग तोही संथ होतो. चादर नसेल तर तेच मांजर तासभर तोंड रक्ताळून घेतं. दार तारेनं किंवा केबल टायनं बांधून टाका, वाटेत खड्ड्यात दार उघडलं की संपलं. स्कूटीवर पायात पिंजरा ठेवून नेऊ नका, रिक्षा करा. आणि उन्हात एक मिनिटसुद्धा ठेवू नका, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये लोखंडी पिंजरा हात लावता येत नाही एवढा तापतो.

हात घालायचा नाही, कितीही ओळखीचं मांजर असलं तरी. घाबरलेलं मांजर चावतं ते खोल चावतं. चावलं किंवा बोचकारून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची, तिथं ती मोफत असते. हळद आपल्या गावात घरोघरी आहे म्हणून जखमेत भरू नका, चुना, तिखट काहीच नको, नुसतं धुणं. जो माणूस हे काम नेहमी करणार आहे त्यानं डॉक्टरांना विचारून आधीच लस घेऊन ठेवावी.

मार्केट यार्डाजवळ, गणपती पेठेत किंवा बेदाण्याच्या, हळदीच्या, गुळाच्या गोदामांच्या आसपास काम करत असाल तर अजून एक. गोदामात उंदराचं औषध टाकतात. ते खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजराचं रक्त गोठेनासं होऊ शकतं, आणि वरून मांजर धडधाकट दिसत असतं. असं मांजर टेबलावर घेतलं तर रक्त थांबत नाही. त्यामुळं गोदामवाल्यांना आधीच विचारा की गेल्या महिन्याभरात औषध टाकलंय का, आणि टाकलं असेल तर डॉक्टरांना सांगा, ते ऑपरेशन पुढं ढकलतील. व्यापाऱ्यांशी बोलताना एवढं सांगा की ऑपरेशन झालेली मांजरं उंदीर तसेच पकडतात, तुमचं नुकसान काही नाही, आणि औषध बंद केलंत तर आमची मांजरं वाचतील. बरेचजण समजून घेतात, त्यांना मांजरं हवीच असतात.

पकडल्यावर रात्री खाणं आत ठेवू नका, मोठ्या मांजराला ऑपरेशनआधी साधारण आठ-दहा तास उपाशी ठेवायला सांगतात. लहान पिल्लांना मात्र एवढा वेळ उपाशी ठेवलं तर साखर उतरून ती गळून जातात, त्यांना किती वेळ ते डॉक्टर सांगतील तसंच. पिल्लू किलोभर वजनाचं झालं की ऑपरेशन करता येतं, पण आपल्याकडचे बरेच डॉक्टर चार-सहा महिन्यांपर्यंत थांबायला सांगतात, डॉक्टर ज्याला तयार आहे ते धरा, फक्त मादी पहिल्यांदा माजावर यायच्या आत व्हायला पाहिजे.

ऑपरेशननंतरचे पहिले काही तास सगळ्यात नाजूक. मांजर भुलीत असतं, डोळे उघडे असतात पण त्याला काही कळत नसतं, मान एका बाजूला लोळते, उठायला जातं आणि पडतं. या वेळेत आत पाण्याची वाटी ठेवायची नाही, तोंड पाण्यात पडलं तर ते उचलून घेण्याएवढी शुद्ध त्याला नसते. अंग गार पडतं, त्यामुळं पंखा बंद, खाली जाड कापड, थंडीचे दिवस असतील तर बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवायची. मान सरळ राहिली, तुम्ही जवळ गेल्यावर फिस्कारलं की समजायचं भूल उतरली, मग थोडं पाणी, आणि त्यानंतर थोडं खाणं.

ठेवायचं कुठं? बाथरूम, रिकामं दुकान, गॅरेज, जिन्याखालची खोली, कुठलीही बंद, शांत, सावलीची जागा. मुंग्यांकडं लक्ष द्या, जखमेवर आणि खाण्यावर मुंग्या चढतात, पिंजरा चार विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटल्यांत ठेवल्या की त्रास संपतो. माश्या असतील तर वरून जुनी मच्छरदाणी, कारण माशी जखमेवर बसली की अळ्या पडतात. पिंजरा धुवायला फिनाईल वापरू नका, मांजराच्या अंगाला आणि पोटाला ते विषारी आहे, साबणपाणी पुरे. दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका, मांजर एका गोळीनं मरू शकतं. कुत्र्याच्या गोचिडाचं औषधही मांजराला लावू नका, त्यातल्या परमेथ्रिननं झटके येतात.

बोका साधारण एका दिवसात सोडता येतो, मादीला दोन-तीन दिवस ठेवलेलं बरं. रोज टॉर्च मारून बघायचं, टाका उघडलाय का, सूज वाढतेय का, रक्त किंवा पू येतोय का. चोवीस तास झाले तरी काही खाल्लं नाही, निपचित पडलंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, तर सोडायचं नाही, डॉक्टरकडं न्यायचं. बोक्याबद्दल लोकांना एक माहीत नसतं, ऑपरेशननंतरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, त्यामुळं पुढच्या महिन्यात एखादी मादी गाभण दिसली म्हणून डॉक्टरांना दोष देऊ नका.

सोडताना सकाळी लवकर, गाड्या सुरू व्हायच्या आत. जिथून पकडलं त्याच जागी, पिंजऱ्याचं तोंड रस्त्याकडं नाही तर भिंतीकडं, झाडाकडं, त्याच्या नेहमीच्या वाटेकडं. दार उघडून बाजूला व्हायचं. ते बाणासारखं पळतं आणि काही दिवस तोंड दाखवत नाही, मावशींना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या घाबरणार नाहीत. खाणं त्याच जागी त्याच वेळेला चालू ठेवायचं, ते येतंच. पाऊस पडत असेल तर त्या दिवशी सोडू नका.

पावसाचं म्हणजे आपल्याकडं वेगळंच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गावभाग, हरिपूर, नदीकाठच्या कुठल्याही वस्तीत हे काम काढू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, २०२१ ला परत पूर आला, अशा वेळी टाके घातलेलं मांजर पिंजऱ्यात असणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं आहे. दमट हवेत जखमा चिघळतात ते वेगळंच. कडक उन्हाळाही नको. दिवाळीचे फटाके संपले की सुरू करायचं आणि शक्यतो जानेवारीच्या आत माद्या उरकायच्या, कारण दिवस मोठे व्हायला लागले की माद्या माजावर येतात आणि मार्चपासून पिल्लांचा हंगाम लागतो. पिंजरे मात्र पावसाळ्यात हाताशी, वरच्या मजल्यावर ठेवा, पाणी चढायला लागलं की मांजरं बाहेर काढायला तेच लागतात.

पैशाचं बोलायचं तर बोक्याला कमी आणि मादीला जास्त लागतात, पोट उघडायचं असतं म्हणून. चार-पाच एकदम आणणार असं सांगितलं तर बरेच डॉक्टर कमी करतात, मागायला लाजू नका, पण फुकट करा म्हणूनही धरून बसू नका, औषधं आणि वेळ त्यांचीही जाते. मोठ्या प्रमाणावर, प्रभागभर करायचं असेल तर २०२३ चे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल नियम आहेत, त्यात महापालिका आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था लागते, तेव्हा नगरसेवकांना घेऊन महापालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर आपल्या बोळापुरतं आपण थांबायची गरज नाही.

पिल्लं सापडली तर वय बघा. दोन ते सात-आठ आठवड्यांच्या मधलं पिल्लू माणसाला सहज लागतं, त्याला घर मिळू शकतं, स्वतः खायला लागलं की आणा, रोज हातात घ्या, हातानं भरवा. चार-पाच महिन्यांचं रानटी झालेलं पिल्लू घरात कोंडून माणसाळवायचा अट्टाहास करू नका, त्याचं ऑपरेशन करून सोडणं हेच त्याच्यासाठी चांगलं. पिल्लू कुणाला देताना ऑपरेशनचं बोलून घ्या, शक्य असेल तर करूनच द्या. आणि तुमच्या घरची मनीमाऊ दिवसभर बाहेर फिरत असेल तर सगळ्यात पहिलं तिचं करा, गल्लीतल्या निम्म्या पिल्लांची आई बऱ्याचदा कुणाच्यातरी सोफ्यावर झोपणारी असते.

नंतर काम फार राहत नाही. वहीतली यादी दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची, खायच्या वेळेला उभं राहून कान मोजायचे. कान न कापलेलं नवीन मांजर दिसलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यायची, ते व्यायची वाट बघायची नाही. आणि पिंजरा घरात गंजत पडू देऊ नका, शेजारच्या गल्लीत कुणी मागितला तर द्या, देताना दार पडतंय का ते एकदा हातानं दाबून बघा आणि चादर बरोबर द्या.